हंडा सापडला, तर कळवायचे कशासाठी?

जमिनीतून सोन्याच्या नाण्यांचा हंडा निघाला की बातमीत पहिला आकडा येतो तो वजनाचा. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली परिसरातल्या बांधकामावर निघालेली २१६ सोन्याची नाणी जप्त केली, तेव्हाही तेच झाले. वजन २ किलो ३५७ ग्रॅम, तेव्हाच्या भावाने किंमत कोटीच्या वर, एवढे लोकांच्या लक्षात राहिले. नाणी १७२० ते १७५० या काळातली असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे दिल्लीच्या तख्तावर महंमदशहा आणि पुण्यात पेशवाई बस्तान बसवत असतानाचा हा काळ. मोगली मोहरा इतक्या संख्येने इंद्रायणीच्या काठाकडे कुणी आणल्या, सावकाराने की सरदाराने, आणि पुरून ठेवणारा परत का आला नाही, हे प्रश्न चर्चेत फारसे आलेच नाहीत. त्याबद्दल वाचकांना किंवा बातमीदारांना दोष देण्यात अर्थ नाही. आपला कायदाही हंड्याकडे पाहून वजनाचाच प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते जमिनीतला इतिहास भट्टीत जाण्याचे सर्वांत मोठे कारण लोकांची लालूच हे नसून हा कायदा हेच आहे.

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर ती कुठे, कधी आणि किती सापडली हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे आणि ती जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचे, असे हा कायदा सांगतो. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. कुणाचाच दावा टिकला नाही तर ठेवा बेवारस ठरतो. आणखी काही करार नसेल तर त्याचे तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला जातो. सरकारला तो स्वतःकडे घ्यायचा असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. न कळवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वाचताना हे सारे न्याय्य वाटते. पण आता दुसऱ्याच्या जागेत पाया खणणाऱ्या मजुराच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. शंभर रुपयांचे सोने निघाले. सरकार देणार एकशेवीस. त्यातले तीस मालकाचे, नव्वद मजुराचे. म्हणजे कायद्याने वागणाऱ्याच्या हाती धातूची पूर्ण किंमतही पडत नाही, आणि जे पडते ते कित्येक महिने कचेरीच्या खेपा घातल्यानंतर. उलट त्याच संध्याकाळी आडगावच्या सराफाने काही न विचारता ऐंशी-पंच्याऐंशी हातावर ठेवले, तर प्रामाणिकपणाचा नफा उरतो पाच-दहा रुपयांचा, आणि तोही जबाब, पंचनामा, ‘बाकीची कुठे लपवलीस?’ हा संशय, हे सगळे सोसून. अशा वेळी नाणी वितळवणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याचे गणित चुकलेले नाही. चूक गणित मांडून देणाऱ्याची आहे.

नाण्याची किंमत धातूवरून ठरवण्यात नेमके काय निसटते, याचे सर्वांत चांगले उदाहरण राजस्थानातल्या बयान्याचे आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये भरतपूर संस्थानातल्या बयान्याजवळ, शिकारीनंतर पडलेली रिकामी काडतुसे वेचायला गेलेल्या मुलांना शेताच्या बांधात तांब्याचे भांडे लागले. त्यात गुप्त राजांची सोन्याची नाणी होती. गावात वाटणी झाली. संस्थानाच्या अधिकाऱ्यांपर्यंत बातमी पोचून त्यांनी ती परत गोळा केली, तोवर तीनशेच्या जवळपास नाणी वितळून गेली होती. उरली १८२१. त्यांची सूची करण्याचे काम कोल्हापूरकडच्या एका विद्वानाने केले. अनंत सदाशिव अळतेकर बनारसला आणि पुढे पाटण्याला राहिले म्हणून महाराष्ट्र त्यांना जरा विसरलाच, पण गुप्तकालीन नाण्यांचा अभ्यास आजही त्यांच्या १९५४ साली निघालेल्या त्या सूचीला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. तिच्यातली मोजदाद अशी आहे: पहिल्या चंद्रगुप्ताची १०, काचाची १६, समुद्रगुप्ताची १८३, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचे अवघे एक.

या एका नाण्यावर किती भार आहे पाहा. ठेव्यातले सर्वांत अलीकडचे नाणे ठेवा केव्हा पुरला हे सांगते. त्याआधी तो पुरला जाणे शक्य नाही, आणि पुढच्या राजाची नाणी त्यात नसली तर फार नंतरही नाही. कुमारगुप्ताची सहाशेहून जास्त आणि स्कंदगुप्ताचे एकच नाणे असेल, तर भांडे जमिनीत गेले ते राजबदलाच्या धामधुमीत, इसवी सन ४५५ च्या आसपास, हूणांचे सावट वायव्येकडून येत असताना, असा तर्क अळतेकरांनी बांधला. तो कुणाला पटो वा न पटो, त्यावर वाद घालायला ते नाणे आज अस्तित्वात आहे. ते वितळलेल्या तीनशेंत गेले असते तर? आठ ग्रॅमच्या आतबाहेरचे सोने, एखाद्या बाईच्या कानात गेले असते, आणि हा ठेवा कुमारगुप्ताच्या भरभराटीतल्या एका श्रीमंताची बचत म्हणून नोंदला गेला असता. शिवाय त्या तीनशेंमध्ये स्कंदगुप्ताची आणखी किती होती, हे आता कुणालाच कळायचे नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताला विष्णूच्या चक्रपुरुषासमोर उभा दाखवणारे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणेही जगाने प्रथम पाहिले ते याच भांड्यात, तेही एकच. कायद्याच्या तराजूत या दोन नाण्यांचे आणि कुमारगुप्ताच्या कोणत्याही घोडेस्वाराच्या नाण्याचे मोल सारखेच आहे.

याहून आपल्या जवळचा दाखला चांदीचा आहे, पण मुद्दा तोच. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निर्मूळ करणारा म्हटले आहे. पण आईने केलेल्या मुलाच्या स्तुतीवर इतिहासकार किती विसंबणार? जोगळटेंभीने त्या स्तुतीला पुरावा दिला, आणि तो पुरावा एखाद्या नाण्यात नसून प्रमाणात होता. पराभूत राजाचे चलन गोळा करून दोन-तृतीयांशावर नवा शिक्का मारलेला, उरलेल्यावर अजून मारायचा राहिलेला. मधल्या काळातली राज्यव्यवस्थाच या ढिगात दिसते. हीच नाणी मूठ-मूठ करून पन्नास सराफांकडे गेली असती तर संग्राहकांना छान नाणी मिळाली असती आणि इतिहासाला काहीच मिळाले नसते. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टैला १८९८ मध्ये निघालेल्या ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचेही असेच. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीने खोल चीर पाडलेली आहे. एकट्या नाण्यावर ही चीर म्हणजे खराबी. साडेचारशेहून अधिक नाण्यांवर तीच चीर दिसते तेव्हा तो कुणाचा तरी निर्णय ठरतो: हे चलन म्हणून चालू नये, धातू म्हणून चालावे.

वितळवण्याचा दोष खेड्यातल्या माणसांवर ढकलण्याआधी एक गोष्ट आठवावी. बंगालमध्ये कालीघाटला १७८३ मध्ये हुगळीकाठी भांडेभर गुप्त नाणी निघाली, ती वॉरन हेस्टिंग्जकडे पोचली. त्याने ती मोठ्या अभिमानाने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठवली. काही संग्रहालयांत गेली, पण बरीच त्या सुशिक्षित संचालकांच्या हुकमाने मुशीत टाकली गेली. केरळमध्ये कण्णूरजवळच्या कोट्टयम येथे १८४७ मध्ये रोमन सोन्याची इतकी नाणी निघाली की त्यांचे माप हमालांच्या ओझ्यांत सांगितले गेले. त्यातली फार थोडी अभ्यासकांच्या नजरेस पडली. आणि राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनांपैकी आज फार थोडे शिल्लक आहेत, ते काय नुसत्या काळाच्या ओघात गेले? सोने पुन्हा पुन्हा वितळते, म्हणूनच टिकते. नाणे म्हणून टिकायला त्याला जमिनीत लपावे लागते, आणि जमिनीतून बाहेर येताच पहिले दोन-चार दिवस त्याच्या सर्वांत धोक्याचे असतात. कायद्याने या दोन-चार दिवसांचा विचार करायला हवा होता. आपला कायदा विचार करतो तो पुढच्या सहा महिन्यांचा.

करायला काय हवे, ते फार नवे नाही. सरकारने ठेवा घेतला तर धातूच्या किमतीऐवजी तज्ज्ञांनी ठरवलेली ऐतिहासिक किंमत द्यावी, आणि ठेवा न विस्कटता कळवणाऱ्याला त्यातही वरचढ हिस्सा द्यावा. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या हॉक्सनचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये एक माणूस मित्राचा शेतात हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शोधत होता. त्याला सोन्या-चांदीची नाणी आणि चमचे लागले. थोडे काढताच त्याने हात आवरता घेतला आणि पोलिसांना व शेतमालकाला कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उत्खनन केले. सुमारे पंधरा हजार नाणी तर मिळालीच, पण ती ज्या लाकडी पेटीत ठेवली होती तिचे अवशेष, आत भांडी कशी रचली होती, कुठल्या कप्प्यात काय होते, हेही हाती आले. सतरा लाख पन्नास हजार पौंडांचे मूल्यांकन झाले आणि तेवढे पैसे दिले गेले. चार वर्षांनी तिथे नवा कायदा आला. आता तिथे स्वतंत्र समिती बाजारातली खरी किंमत ठरवते, वस्तू घेणारे संग्रहालय ती देते, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे अधिकारी आहेत की ज्यांच्याकडे शेतकरी मातीत मिळालेली वस्तू घेऊन सहज जाऊ शकतो. या अधिकाऱ्यांनी केलेल्या नोंदणीत दहा लाखांहून अधिक वस्तू आल्या आहेत. इटलीतल्या कोमो शहरात २०१८ साली एका जुन्या नाट्यगृहाच्या जागी पाचव्या शतकातली सुमारे हजार रोमन सुवर्णनाणी दगडी भांड्यासकट प्रयोगशाळेत नेता आली, आणि ती चवडी लावून रचलेली होती हे तिथेच उलगडले. बांधकामावरच्या माणसाने उत्साहाने भांडे पालथे केले असते तर ही रचना दिसली नसती.

यावर पहिला आक्षेप तत्काळ येईल, आणि तो हलका नाही: मोठे बक्षीस लावाल तर महाराष्ट्रभर लोक कुदळी घेऊन बाहेर पडतील. आपल्याकडे गुप्तधनाचे वेड आधीच भयंकर आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यातच सर्व आले. ‘छावा’ चित्रपट आल्यावर मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याच्या शेतांत मोगली सोन्याच्या अफवेने शेकडो माणसे रात्री विजेऱ्या घेऊन माती उकरत होती. आणि लोकांनाच का हसावे? २०१३ मध्ये एका साधूच्या स्वप्नातले हजार टन सोने शोधायला उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेड्यात खुद्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खणत होते. सोने निघाले नाही हे सांगायला नकोच. पण या उदाहरणांकडे नीट पाहिले तर दिसते ते उलटेच. असीरगडला जमलेल्यांना सरकारी बक्षिसाची आशा मुळीच नव्हती. सोने खिशात घालून पळता येते, याच आशेवर ते आले होते. अफवेला ऊब मिळते ती छुप्या विक्रीची. म्हणून बक्षीस फक्त योगायोगाने सापडलेल्या ठेव्यालाच द्यावे, शोधासाठी उकरलेल्याला शून्य आणि वर शिक्षा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर प्रश्नच नाही. इंग्लंडमध्येही जागा विस्कटणाऱ्याचे बक्षीस कापले जाते. नांगरट, विहीर, पाया, रस्ता हे योगायोग कोणते आणि मांत्रिकाच्या सांगण्यावरून खणलेला खड्डा कोणता, हे तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला एका नजरेत कळते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. जमिनीतला वारसा देशाचा, मग देशाने स्वतःच्याच वस्तूसाठी पैसे का मोजावेत? कागदावर हे बिनतोड आहे. पण मालकी आणि ताबा यांत जे अंतर आहे त्यातूनच नाणी निसटतात. ज्या वस्तूचे अस्तित्वच आपल्याला माहीत नाही तिचे मालक असून आपण काय मिळवतो? हे पैसे सोन्याची किंमत म्हणून देऊ नयेत असे वाटत असेल तर माहितीचा मोबदला म्हणून द्यावेत. ठेवा कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी आणि कोणत्या क्रमाने लागला, हे फक्त त्या मजुराला ठाऊक असते. ती माहिती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही. आणि शंभर रुपयांच्या हिशेबात जमीनमालकाला काहीही न करता तीस रुपये देणारा कायदा आपण दीड शतक निमूट मान्य केलाच आहे की.

पैसे आणायचे कुठून, हा तिसरा प्रश्न. इथे जुना कायदाच मदतीला येतो. सगळा ठेवा घेतलाच पाहिजे असे तो म्हणत नाही. सरकार हवा तेवढाच भाग घेऊ शकते आणि बाकीचा वाटून देता येतो. १८२१ नाण्यांपैकी एकाच साच्याची तीस असतील तर तिसांचीही वजने, छायाचित्रे, साचे यांची नोंद झाल्यावर पंचवीस परत देण्यात इतिहासाचे फारसे नुकसान नाही. उलट नोंद झालेले नाणे बाजारात गेले तरी ते ओळखता येते. नोंदणी हा खरा खर्च आहे आणि तो पैशांपेक्षा माणसांचा आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० च्या दशकापासून नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, विद्यापीठांतून नाणी वाचणारे लोक तयार होतात. त्यांना जिल्ह्यात काम देता येईल. पण कोषागारात सीलबंद पेटीत नाणी वर्षानुवर्षे पडून राहणार असतील आणि त्यांची सूची निघणारच नसेल, तर नागरिकाने प्रामाणिक राहावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याला उरत नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवे.

राहतो तो विश्वासाचा मुद्दा, आणि मला वाटते सर्वांत अवघड तोच आहे. ‘सरकारकडे दिले तर मधल्यामध्ये गायब होईल’ ही भीती गावात खरी असते, कधीकधी साधारही असते. तरीही केरळमध्ये कण्णूर जिल्ह्यातल्या चेंगळायी इथे जुलै २०२४ मध्ये रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्या स्त्रियांना भांडे लागले, तेव्हा त्यांना ते आधी बॉम्ब वाटले. आत सोन्याची पदके, मोती, जुनी नाणी निघाली आणि त्यांनी ती पोलिसांच्या हवाली केली. लोक प्रामाणिक नसतात, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण त्यांच्या प्रामाणिकपणावर कायदा उभा करायचा, की कायद्याने प्रामाणिकपणा परवडेल अशी सोय करायची, हा प्रश्न निघतो. सापडल्या क्षणी जागेवरच मोजदाद, छायाचित्र आणि सापडवणाऱ्याच्या हातात सहीशिक्क्याची पावती, एवढे केले तरी निम्मी भीती जाईल. तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावल मंदिरात फेब्रुवारी २०२० मध्ये पितळी भांड्यात ५०५ सोन्याची नाणी निघाली, तेव्हा संख्या आणि १.७१६ किलो वजन लगेच जाहीर झाले. त्यामुळे पुढे एक नाणे जरी कमी झाले तरी विचारणा करता येईल.

हे सगळे दिल्लीने करायचे आहे, असे म्हणून हात झटकायलाही जागा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत निखात निधी हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद ४४. कर्नाटकाने १९६२ मध्ये आणि केरळने १९६८ मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्रात मेट्रोचे बोगदे, समृद्धीसारखे महामार्ग, शहरांच्या कडेने वाढणाऱ्या इमारती यांच्या निमित्ताने जितकी माती आज उपसली जाते तितकी या भूमीच्या इतिहासात कधी उपसली गेली नसेल. यादवांचे पद्मटंक, बहमनी टंके, मोगली मोहरा यांतले जे काही त्या मातीत आहे ते पुढच्या वीस-तीस वर्षांतच बाहेर पडणार आहे, कारण नंतर खणायला जुनी माती फार उरणार नाही. विधानसभेने कायद्यातली दहा रुपयांची मर्यादा, धातूच्या किमतीवरचा एक-पंचमांश आणि चार महिन्यांची किमान मुदत या तीन गोष्टी बदलल्या, आणि मोठ्या बांधकामाच्या परवानगीत ‘काही निघाल्यास काम थांबवून कळवणे’ ही अट व तिच्यासोबत मजुराच्या हिश्शाची हमी घातली, तर पुढच्या चिखलीच्या वेळी पोलिसांना नाणी जप्त करायला जावे लागणार नाही.